मीठ, साखर आणि पाणी

रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींकडे सहसा कोणी कुतूहलानें पाहत नाहीं. आमटींत घातलेलें मीठ दिसेनासें होतें, सरबतांत ढवळलेली साखर नाहींशी होते. गृहिणी चव पाहते आणि पुढच्या कामाला लागते. परंतु दिसेनासें होणें म्हणजे नष्ट होणें नव्हे. मिठाचें पाणी ताटलींत घालून उन्हांत ठेवावें. पाणी उडून जातें व तळाशीं मीठ उरतें. कोंकणच्या किनाऱ्यावरील मिठागरांत समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढतात तें याच नियमानें.

मग विरघळणें म्हणजे तरी काय? पाण्याच्या प्रत्येक रेणूंत प्राणवायूचा एक व हायड्रोजनचे दोन अणु असतात. त्याची प्राणवायूकडील बाजू किंचित् ऋण आणि हायड्रोजनकडील बाजू किंचित् धन विद्युत्‌भाराची असते. मिठाचा खडा हा सोडियमच्या धन कणांचा व क्लोरीनच्या ऋण कणांचा रचलेला जणूं किल्लाच होय. पाण्याचे रेणू त्याला चोहोंकडून वेढतात आणि एकेक कण सुटा करून घेऊन जातात. साखरेची गोष्ट निराळी. तिचे रेणू मोडत नाहींत. पाणी त्यांना एकमेकांपासून केवळ दूर करतें. म्हणूनच मिठाच्या पाण्यांतून वीज सहज वाहते, साखरेच्या पाण्यांतून वाहत नाहीं. स्वीडनमधील अऱ्हेनियस या तरुणानें १८८४ सालीं आपल्या प्रबंधांत या विचाराचा पाया घातला, तेव्हां परीक्षकांनीं त्याला अगदीं खालची श्रेणी दिली. पुढें १९०३ सालीं याच सिद्धांताबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

पाण्याच्या या सामर्थ्याला मर्यादाही आहे. २० अंश सेंटिग्रेडच्या १०० ग्रॅम पाण्यांत मीठ सुमारें ३६ ग्रॅम विरघळतें, साखर मात्र सुमारें २०० ग्रॅम. पाणी उकळतें असेल तर साखर त्याच्या दुपटीहूनही अधिक मावते. मिठाला फारसा फरक पडत नाहीं. चुन्याचा स्वभाव तर उलटा : तो मुळांतच थोडा विरघळतो आणि गरम पाण्यांत त्याहूनही कमी. हळदीचा पिवळा रंग पाण्यांत नीट उतरत नाहीं, तेलांत उतरतो. फोडणींत हळद घालण्याचा प्रघात रसायनशास्त्राला धरूनच आहे.

हें ज्ञान केवळ करमणुकीचें नाहीं. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या शिबिरांत, पश्चिम बंगालमधील बनगांव येथें, पटकीची सांथ पसरली. शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें होतें. तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मोजून पाण्यांत विरघळविला आणि तें पाणी रोग्यांना तोंडानें पाजण्याची व्यवस्था केली. शेंकडा ३० च्या घरांत असलेलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४ च्याही खालीं आलें. यामागील कारण असें कीं, लहान आंतडें सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनें आंत घेतें आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरांत शिरतें. नुसतें पाणी पाजून हें काम होत नाहीं.

मुलाला जुलाब होऊं लागले तर औषधाच्या दुकानांत मिळणारी जीवनक्षारांची पुडी सर्वांत चांगली. ती जवळ नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें, पुरतें विरघळवावें आणि घोट घोट पाजीत राहावें. अंगावरचें दूध तोडूं नये. मूल मलूल झाल्यास अथवा लघवी कमी झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.

मात्र येथें ‘चवीपुरतें’ हा स्वयंपाकघरांतला शब्द विसरावा. मीठ अधिक झाल्यास तान्ह्या जिवाला अपाय होतो, आणि विरघळलेलें मीठ डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी अश्रूंहून खारट लागलें तर तें खुशाल ओतून द्यावें व पुन्हां मोजून करावें.