सांता फेहून एका दिवसाच्या सहली

अमेरिकेच्या नैऋत्येकडील न्यू मेक्सिको राज्याचा नकाशा समोर पसरला, की प्रथम नजरेत भरते ती त्यावरील मोकळी जागा. गावे थोडी, रस्ते त्याहून थोडे, आणि वरच्या बाजूस डोंगरांच्या कुशीत सांता फे हे राजधानीचे शहर. असा विरळ नकाशा प्रवाशाला हटकून फसवितो. त्यावर वीतभर दिसणारे अंतर मोटारीने कापू लागले म्हणजे सकाळची दुपार होते. चाको येथील प्राचीन नगरीचे अवशेष किंवा दक्षिणेकडील पांढऱ्या जिप्समच्या वाळूच्या टेकड्या ही स्थळे म्हणूनच सांता फेहून एका दिवसात करण्याजोगी नाहीत. जाता-येता सात-आठ तास रस्त्यातच जातात आणि पाहण्यास उरतो तो दुपारचा रणरणता प्रहर. सहलीचा बेत आखताना ही दोन नावे प्रथम खोडावीत. त्याने यादी लहान होते, परंतु प्रवास सुखाचा होतो.

‘वाळवंट’ या शब्दाने मनात वाळूचे जे चित्र उभे राहते, ते सांता फेला लागू पडत नाही. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही चांगलीच अधिक. पाऊस वर्षाकाठी सुमारे ३५ सेंटिमीटर, हिवाळ्यात बर्फ, आणि तांबूस मातीवर खुज्या पाइनची व जुनिपरची झाडे. हवा विरळ व कोरडी असल्याने नवख्या माणसाला पहिल्या दिवशी दम लागतो, डोके दुखते. घाम अंगावरच वाळून जात असल्यामुळे तहान लागल्याचेही त्याला उशिरा कळते. म्हणून पहिला दिवस शहरात घालवावा हे उत्तम.

त्या दिवसाला पुरून उरेल इतके शहरात आहेच. १६१० मध्ये स्पॅनिशांनी येथे राजधानी वसविली आणि चौकाच्या उत्तरेस गव्हर्नरांसाठी कच्च्या विटांचा वाडा उभारण्यास प्रारंभ केला. तो वाडा आजही उभा आहे. त्याने पाहिलेल्या राजवटींत एक फार निराळी आहे. १६८० च्या ऑगस्टमध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्याने प्वेब्लो लोकांचा उठाव घडवून आणला. प्वेब्लो म्हणजे मातीच्या मजली घरांच्या गावांतून राहणारे येथील मूळचे शेतकरी लोक. गावे दूरदूर, भाषा वेगवेगळ्या, लेखी निरोपाची सोय नाही. तेव्हा गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन धावते जासूद पाठविण्यात आले. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचे. दोन जासूद पकडले गेल्याने दिवस अलीकडे ओढावा लागला, तरीही बेत तडीस गेला. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, उरलेले दक्षिणेकडे एल पासोला निघून गेले, आणि बारा वर्षे सांता फे प्वेब्लोंच्या हाती राहिले. स्पॅनिशांचे येथील दप्तरही त्या धामधुमीत नष्ट झाले. १६९२ मध्ये स्पॅनिश परतले. १८२१ मध्ये मेक्सिकोचा अंमल आला, १८४६ मध्ये अमेरिकेचा. राज्याचा दर्जा मात्र १९१२ पर्यंत मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या पेकोसला जावे. अंतर जेमतेम ४० किलोमीटर. पूर्वेकडील सपाट गवताळ प्रदेश व रिओ ग्रांदेचे खोरे यांच्यामधील खिंडीच्या तोंडाशी हे गाव होते. एका बाजूने म्हशींसारख्या बायसन जनावरांची कातडी येत, दुसऱ्या बाजूने मका व मातीची भांडी, आणि देवघेव येथे होई. उठावात येथील प्रचंड चर्च पाडण्यात आले. आज दिसणाऱ्या तांबड्या भिंती अठराव्या शतकातील दुसऱ्या, त्याहून लहान चर्चच्या. रोगराई व हल्ले यांनी वस्ती घटत गेली आणि १८३८ मध्ये उरलेली मोजकी माणसे हेमेझ या आपल्या भाषाबंधूंच्या गावी निघून गेली. पुढे १९१५ पासून येथे मोठे उत्खनन झाले. अमेरिकेच्या या भागातील पुरातत्त्वाचा पाया त्याने घातला हे खरे. पण त्याचबरोबर सुमारे २,००० मृतांचे अवशेष पूर्वेकडील संग्रहालयांत गेले. १९९९ मध्ये ते परत आले. हेमेझचे लोक ते घेण्यासाठी डोंगर ओलांडून पायी पेकोसला आले आणि त्यांनी आपल्या पूर्वजांना पुन्हा भूमीत ठेवले. प्रवासी ज्याला ओसाड समजून फिरतो, ते अवशेष असे कोणाच्या तरी घरचे आहेत.

तिसरा दिवस पश्चिमेकडील पठाराचा. बँडेलियर आणि लॉस अलामॉस ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात नीट जमतात, किंबहुना ती एकत्रच पाहावीत. बँडेलियरच्या फ्रिहोलेस दरीत खडकात कोरलेल्या खोल्या आहेत. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसास येथे तुलना करण्याचा मोह होणारच. परंतु दगडात भेद आहे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट हा थिजलेला लाव्हा, तर येथील फिकट खडक सुमारे १२ ते १६ लक्ष वर्षांपूर्वीच्या दोन महास्फोटांतील राखेचा दबून झालेला. तो इतका मऊ की दगडी हत्याराने पोखरता येतो. येथे देव नाहीत, शिल्पे नाहीत. धुराने काळी पडलेली छते आहेत, भिंतीत तुळया रोवण्याची भोके आहेत. म्हणजे हा संसार आहे. दरीच्या तळाशी सुमारे ४०० खोल्यांचे वर्तुळाकार गाव होते, आणि सुमारे ४० मीटर उंचावरील कपारीत लाकडी शिड्यांनी चढून जाता येते. ज्यांना उंचीचे भय वाटते त्यांनी खालूनच समाधान मानावे.

येथे सकाळीच जावे, याला दुहेरी कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग दाटतात आणि तासाभरात दरीला लोंढा येऊ शकतो. २०११ मध्ये वणव्याने वरचे डोंगर उघडे केले. पाणी धरून ठेवणारे काही राहिले नाही आणि त्याच ऑगस्टमध्ये या दरीने मोठा पूर पाहिला. डोक्यावर निळे आकाश असले म्हणून वर डोंगरात पाऊस नाही असे समजू नये.

दुपारी लॉस अलामॉस. १९४३ मध्ये येथील मुलांची निवासी शाळा ताब्यात घेऊन तेथे अणुबॉम्बची प्रयोगशाळा उभारण्यात आली. नव्याने येणाऱ्या शास्त्रज्ञास सांता फेमधील ईस्ट पॅलेस रस्त्यावरच्या १०९ क्रमांकाच्या साध्या कचेरीत हजर व्हावे लागे. गावाला नाव नव्हते. सर्वांचा पत्ता ‘टपालपेटी १६६३, सांता फे’. तेथे जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावरही जन्मस्थान म्हणून हीच पेटी नोंदलेली आहे. सरकारी गुप्ततेचा याहून विलक्षण नमुना क्वचितच आढळेल. प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर हे संस्कृत शिकलेले होते, आणि १६ जुलै १९४५ च्या पहाटेच्या स्फोटाविषयी बोलताना त्यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायाचे स्मरण केल्याचे भारतीय श्रोत्यांना ठाऊक आहेच. तो स्फोट येथे नव्हे, सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेस झाला. त्याची राख ज्यांच्या अंगणात पडली त्या गावकऱ्यांची आठवण मात्र कमी होते. किरणोत्सर्गाने बाधितांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला, त्यात हे लोक नव्हते. त्यांचा समावेश २०२५ मध्ये झाला.

चौथा दिवस ताओसचा, आणि तो सर्वांत लांब. जाताना डोंगरातला वरचा रस्ता धरावा, परतताना रिओ ग्रांदेच्या काठचा. उलट केल्यास डोंगरातील वळणे अंधारात येतात. वाटेत चिमायो येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे छोटे चर्च आहे. त्यातील एका खळग्यातली माती रोग बरे करते अशी श्रद्धा असून, गुड फ्रायडेला हजारो लोक पायी चालत येथे येतात; मराठी माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. जेवणात लाल मिरची हवी की हिरवी, असे विचारले जाईल. ज्या मिरचीने पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे येऊन आपल्या फोडणीत ठाण मांडले, ती मुळात अमेरिका खंडाचीच.

ताओस प्वेब्लो हे थरावर थर चढविलेल्या मातीच्या घरांचे गाव शतकानुशतके वसलेले आहे. जुन्या भिंतींच्या आत आजही वीज व नळ नाही. हे संग्रहालय नव्हे. गावात मृत्यू झाला की ते बाहेरच्यांना बंद होते. हिवाळ्याच्या अखेरीसही काही आठवडे बंद असते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. माणसांची छायाचित्रे विचारल्याखेरीज घेऊ नयेत, उत्सवाच्या दिवशी तर यंत्र बाहेरच काढू नये, आणि शिडी दिसली म्हणून भूमिगत प्रार्थनागृहाकडे वळू नये. गावामागील डोंगरात ब्लू लेक हे त्यांचे पवित्र सरोवर आहे. १९०६ मध्ये सरकारने ते राष्ट्रीय वनात घातले; गावाने पैशाची भरपाई नाकारून चौसष्ट वर्षे दाद मागितली, आणि १९७० मध्ये सुमारे ४८,००० एकर भूमीसह ते परत मिळविले. तेथे परक्यांना जाता येत नाही. गावाच्या चौकात उभे राहिले असता त्या सरोवरातून निघालेला ओढा दोन घरांच्या रांगांमधून वाहताना दिसतो, आणि गावातील माणसे पिण्याचे पाणी त्यातूनच भरून नेतात.