बरळणारा रोगी झपाटलेला नव्हे

तापात माणूस बरळू लागला की देवऋषी बाहेरची बाधा सांगतो, भटजी ग्रह सांगतो. आणि कोंबडे व दक्षिणा यांत मोलाचा वेळ जातो. आम्ही स्पष्ट सांगतो, ही बाधा नव्हे. हिवतापाची एक जात मेंदूवर जाते. सन १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस या रोगाचे जंतू डासाच्या पोटात पाहिले. भूत कोणीच पाहिले नाही.

हुडहुडी भरते, ताप चढतो, मग घाम सुटून उतरतो. उतरला म्हणजे रोग गेला असे मानू नये. त्याच दिवशी आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासावे. सरकारी औषध फुकट आहे. ते सांगितलेले सर्व दिवस घ्यावे.

रोगी बरळला, झटके आले, धाप लागली, डोळे पिवळे किंवा लघवी काळसर झाली, पाणीही पोटात ठरेना, तर लागलीच १०८ ला फोन करावा. गाडी येईतो त्यास कुशीवर निजवावे. दातांत चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये. पुरता शुद्धीवर असून गिळता येत असेल तरच साखरपाणी पाजावे. ताप केव्हा आला, कोणते औषध दिले, बाई गरोदर आहे काय, हे डॉक्टरास सांगावे. दवाखान्यात आर्टेसुनेटची सुई देतात. तीच खरा उतारा.

दक्षिणेचा पैसा गाडीभाड्यास राखून ठेवा. १०८ ची गाडी न आली, तर मिळेल त्या वाहनाने रोग्यास दवाखाना गाठून द्या.