फिजिक्सला स्कोप आहे का, दादा?

छत्रपती संभाजीनगरातून बोलतोय. आजचा भाग बारावी सायन्सवाल्यांसाठी, आणि जमलं तर त्यांच्या आई-बाबांनाही ऐकवा.

गेल्या आठवड्यात पैठणकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. सीईटीला मनासारखं पर्सेंटाइल पडलं नाही. म्हणाली, "दादा, मला फिजिक्स आवडतं, पण घरचे म्हणतात बीएस्सी करून काय करणार? स्कोप आहे का?"

नुसतं 'हो' म्हणालो तर तिची फसवणूक होईल. 'नाही' म्हणालो तर मीच खोटा ठरेन. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देतात ना, ते किती, कुठे आणि कुठल्या कोनातून द्यायचं याचं गणित आमच्याकडे असतं. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीन ठरलेला डोस देतंय का, ते मोजायचं. मशीनपासूनचं अंतर १०० सेंटिमीटरऐवजी ९९ झालं, तर डोस साधारण २ टक्क्यांनी वाढतो. हा तोच इन्व्हर्स स्क्वेअर लॉ, जो आपण मार्कांसाठी पाठ करतो. इथे मात्र टेबलावर कुणाची तरी आई असते.

आता एक कबुली. बीएस्सीला असताना मी सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायचो. ग्राफ सरळ यावा म्हणून आकडे 'अॅडजस्ट' करायचो. सेकंड इयरला मॅथेमॅटिकल फिजिक्सचा पेपर राहिला. बाबा वाळूजला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. दोन महिने घरी सांगितलंच नाही. शेवटी बाबांनीच मार्कशीट मागितली. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुला कळत नाहीये, का तू करत नाहीयेस?"

मी करत नव्हतो. 'महत्त्वाचे प्रश्न' वाचून पास व्हायची सवय लागली होती. फिजिक्सला ती सवय चालत नाही. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर, मॅट्रायसेस ही तुमची रोजची भाकरी. पुढे क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. वही मिटून कोऱ्या कागदावर तेच सोडवा, मग खरं कळतं. आणि गणिताचा कंटाळा असेल, तर फक्त ब्लॅक होलचे व्हिडिओ आवडतात म्हणून फिजिक्स घेऊ नका.

आता पोटापाण्याचं. नुसत्या बीएस्सीवर फिजिक्सची अशी नोकरी मिळणं अवघड आहे. बँक, एमपीएससी यांसाठी पदवी चालते, पण ती कुठलीही चालते. फिजिक्समध्येच राहायचं तर एमएस्सी धरूनच चाला. त्यासाठी आपलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहेच. आयआयटीत जायचं असेल तर 'जॅम' द्या. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. तयारी सेकंड इयरपासून.

संशोधन करायचं असेल तर सीएसआयआर-नेट. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, अधिक नियमानुसार घरभाडं. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, हे घरी आधीच सांगा. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट लागते, आणि कायमच्या जागा कमी. कित्येक हुशार माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. हे लपवून काय उपयोग?

माझा रस्ता असा: एमएस्सीनंतर मुंबईत बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. जागा थोड्या, निवड देशभरातून. पण हा कोर्स आहे हेच आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं. आणि रेडिओथेरपी विभागाला आमच्याशिवाय चालत नाही, तसा नियमच आहे. आपल्याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

आणि मराठवाड्यातलीच आणखी एक गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारव्या भागाहूनही लहान. तिथे तुम्हाला नोकरी लागेलच, असं मी म्हणणार नाही. पण लेझर, ऑप्टिक्स, व्हॅक्यूम, डेटा अॅनालिसिस येणारी माणसं कुठेही लागतात. म्हणून फर्स्ट इयरलाच पायथन शिका. मोबाइलवरही सुरुवात होते.

तर त्या मुलीला माझं उत्तर असं: अकरावी-बारावीच्या पुस्तकातली दहा अवघड उदाहरणं घे. गाइड नाही, यूट्यूब नाही. एकेका उदाहरणावर तासभर बस. उत्तर चुकलं तरी चालेल. तासाभरानंतरही सोडवावंसं वाटलं, तर फिजिक्स घे आणि घरी सांगताना 'पाच वर्षं लागतील' हेही सांग. नाही वाटलं, तर त्यात कमीपणा नाही, दुसरं काही शोध.

बाकी सगळ्यांना एकच सांगणं. जर्नलमधली रीडिंग स्वतःची घ्या, ग्राफ वाकडा आला तरी. मी आता रोज सकाळी खरं रीडिंग घेतो. ते उतरवायला सीनियरचं जर्नल नसतं.

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!