आज काय आहे?



गेल्या जुलैत मालवणला किनाऱ्यावरील एका घरगुती खाणावळीत आम्ही जेवावयास गेलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला. मी ऐटीत ताजे पापलेट मागितले. खाणावळवाल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. माशांच्या विणीचे दिवस हे."

ताटात आले काळ्या वाटाण्याचे सांबारे, भाजलेला सुका बांगडा, भात नि सोलकढी. मी तृप्त झाले, लाजलेही. घरी कोणी "आज हेच का?" म्हटले की आपल्याला किती लागते! मग दुसरीच्या चुलीपुढे आपण तसे का बोलावे?

भगिनींनो, तेथे गेलात तर एवढेच विचारा, "आज काय आहे?"