पराक्रम कोणाचा?



१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर बंद पडलेले विमान उतरले. १५५ माणसे वाचली. जयजयकार झाला कॅप्टन सलेनबर्गर यांचा. सहवैमानिक स्काइल्स, प्रवाशांना बाहेर काढणाऱ्या तीन सेविका, बोटी घेऊन धावलेले खलाशी यांची आठवण कोणाला? स्वतः कॅप्टन मात्र श्रेय सर्वांचे, असेच सांगत राहिले.

श्रेय एकाला दिले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. ७ ऑगस्ट २०२० रोजी, भर पावसात, कोळिकोडला उतरणारे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ जण गेले. त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे, हवाई दलात गाजलेले. लोकांनी त्यांना लगोलग वीर ठरविले. पुढल्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी 'विमान पुन्हा वर घ्या' असे सांगितले होते. ते मानले गेले नाही. आणि त्यांनीही सूत्रे आपल्या हाती घेतली नाहीत. गेलेल्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. मोठ्यापुढे धाकट्याचा हात का आखडतो, हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही लातूरच्या एका तेलगिरणीत होतो. पट्टा तुटणार, असे एका पोराने मुकादमाला सांगितले. मुकादम नावाजलेला, पोराचे ऐकतो कोण? पट्टा तुटला. बोटे गेली ती पोराचीच.

वीराला हार जरूर घाला. पण 'थांबा' म्हणणाऱ्याचा आवाज त्या हाराखाली दडपू नका.