ग्लिसरीन, धातूंची भस्मे आणि आपली वालधुनी
(उल्हासनगर कॅम्प १ येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकविली. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तथापि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील आपल्या कित्येक घरांची चूल रासायनिक कारखान्यांच्या आधारे पेटते. म्हणून त्या धंद्यातील एक विषय आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. तो विषय म्हणजे ग्लिसरीन.

थंडीत ओठांना लावावयाचे हे गोडसर, दाट द्रव्य सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वीडनमधील शेले नामक औषधविक्रेत्याने १७७९ साली ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून ते मिळविले. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड; वैद्यांच्या भाषेत धातूचे भस्मच म्हणा ना! शेले यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, हे आमच्या विद्यार्थिवर्गाने ध्यानी ठेवावे.

साबण करताना ग्लिसरीन मागे उरते, तसे तेलापासून बायोडिझेल करतानाही उरते. दर १० किलो बायोडिझेलमागे सुमारे १ किलो. इसवी सन २००० नंतर बायोडिझेल वाढले, ग्लिसरीनचे साठे झाले आणि भाव उतरले. त्यापासून अधिक मोलाची द्रव्ये करण्याचा प्रश्न पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनीही हाती घेतला.

ग्लिसरीनच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू काढले म्हणजे ऍक्रोलीन होते. कढईतील तेल जळू लागले की डोळ्यांना झोंबते, त्या धुरात हेच असते. पुढे त्यापासून रंगांना लागणारे ऍक्रिलिक आम्ल करता येते. पाण्याचा एकच रेणू काढून हायड्रोजन जोडला, तर औषधांत व प्रसाधनांत वापरावयाचे प्रोपिलीन ग्लायकॉल मिळते. पहिल्या कामी टंगस्टन व झिर्कोनियम यांची ऑक्साइडे उपयोगी पडतात. दुसऱ्या कामी तांबे व जस्त यांच्या ऑक्साइडांपासून सिद्ध केलेली पूड. अशा पदार्थांस घन उत्प्रेरक म्हणतात.

यातील मर्म भगिनीवर्गास सहज कळेल. विरजण दह्यात मिसळून जाते. ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. रवी मात्र ताक झाल्यावर धुऊन खुंटीस लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरतात. गंधकाम्लासारखा द्रवरूप उत्प्रेरक विरजणाप्रमाणे मालात मिसळतो; मग तो अल्कलीने मारावा लागतो आणि खारट सांडपाणी उरते. घन उत्प्रेरक रवीसारखा वेगळा राहतो.

हे सांडपाणी जाते कोठे? शके ९८२ मधील अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी आपल्या नगरातून पुढे जाते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर टँकरमधून तीत सोडलेल्या रासायनिक द्रव्याच्या विषारी वायूने येथील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. नदीत काय सोडले जाते, हा प्रश्न आपल्या लेकराबाळांच्या श्वासाचा आहे.

घन उत्प्रेरक म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. त्यावर कोळशाचा थर बसतो. तो हवेत जाळून काढावा लागतो. चुन्याचे ऑक्साइड ग्लिसरिनात थोडे विरघळते. तांबे-क्रोमियमचा जुना उत्प्रेरक कामाला चांगला, परंतु निकामी झाल्यावर त्यातील क्रोमियमची विल्हेवाट जपूनच लावावी लागते. रवीही कधीतरी झिजतेच; झिजलेली कोठे टाकावयाची, हे आधी ठरविलेले बरे.

म्हणून कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या तरुणांस एवढेच सांगणे आहे की, माल किती निघाला याबरोबर मागे काय उरले, हेही विचारीत जा. आणि ज्ञातिमंडळास विनंती ही की, आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी एक तरी रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी. पुढील पिढीस पगार आणि स्वच्छ नदी या दोहोंतून एकाची निवड करण्याची पाळी येऊ नये, हीच आमची इच्छा.