तळ्याकाठचा मुक्काम
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत प्रवासाच्या गप्पा निघाल्या, तेव्हा "अमेरिकेत मोटारघरात राहिलीस ते सांग" असा आग्रह झाला, म्हणून आज उभी राहिले आहे. आपल्यापैकी कितीजणींची मुले, भाऊ तिकडे आहेत. आज ना उद्या तुम्हालाही असा प्रवास घडेल. तेव्हा डोंगर किती उंच नि पाणी किती निळे, हे फार सांगत बसत नाही. मुक्कामाची जागा निवडताना आमचे काय चुकले, तेवढे सांगते.

माझा धाकटा भाऊ सिअ‍ॅटलला असतो. जुलै २०२३ मध्ये आई व मी त्याच्याकडे गेलो होतो. मोंटाना राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, ग्लेशियर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९१० साली स्थापन झाले. तेथे जाण्यासाठी भावाने मोटारघर भाड्याने घेतले. तिकडे त्याला आर. व्ही. म्हणतात. आमचे अठ्ठावीस फूट लांब होते. आत शेगडी, फ्रीज, पलंग, संडास, न्हाणी सगळे. मला तर पहिल्या दिवशी भातुकलीच वाटली.

भावाने सहा महिने आधीच अ‍ॅपगार येथील सरकारी तळावर जागा धरून ठेवली होती. ही जागा लेक मॅकडॉनल्ड या सरोवराच्या टोकाशी आहे. सरोवर सुमारे दहा मैल लांब, मैलभर रुंद आणि साडेचारशे फुटांहून खोल. तळाशी लाल, हिरवे, निळसर गोटे दिसतात. तेथे जागा मिळणे म्हणजे मोठे भाग्य, असे वहिनी सारखी म्हणे, आणि ते खोटेही नव्हते.

पण आईला झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे. रात्री नाकाला मुखवटा लावून यंत्र चालू ठेवावे लागते. मी निघण्यापूर्वी भावाला विचारले, "अरे, तिथे वीज आहे का?" तो म्हणाला, "ताई, गाडीत बॅटरी आहे, जनरेटर आहे, तू काळजी करू नकोस." मी गप्प बसले. गाडीतले मला काय कळणार, असे वाटले. तेथेच माझे चुकले.

त्या तळावर कोणत्याच जागेला वीज, नळ किंवा सांडपाण्याची जोडणी नाही. जनरेटर दिवसातून ठरलेल्या वेळीच लावता येतो, रात्री अजिबात नाही. जुलै असूनही डोंगरात रात्री कडाक्याची थंडी पडते. आम्ही गाडीतली शेगडीयंत्रणा लावली. ती गॅसवर चालते, पण गरम हवा फेकणारा पंखा बॅटरीवर असतो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. पंखा आणि आईचे यंत्र, दोघांनी मिळून बॅटरी संपवली. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती आईच्या घुसमटण्याने. मुखवटा काढला, चार उशा लावून तिला बसती केली. भाऊ जनरेटर लावायला उठला, तर आईच म्हणाली, "नको रे, सगळा तळ जागा होईल." उजाडेपर्यंत मी तिचा हात धरून बसले. खिडकीबाहेर सरोवरावर पहाट होत होती. ती म्हणे फार सुंदर होती. मी आईच्या छातीकडे बघत होते.

सकाळी भाऊ आईशी काही बोलेना, माझ्याशीही नाही. वहिनीचे डोळे भरले होते. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे बुडणार होते. तरीही मी म्हटले, "आधी वीज शोधू, मग सरोवर." उद्यानाच्या वेशीबाहेर वेस्ट ग्लेशियरच्या बाजूला खाजगी तळ आहेत. त्यांतल्या एकावर जागा रिकामी झाली होती. भाडे कितीतरी अधिक. या खेपेस भावाच्या मागे न राहता मीच कचेरीतल्या बाईंना प्रश्न विचारले, भावाने इंग्रजीत सांगितले. वीज रात्रभर मिळेल ना? आमच्या गाडीला तीस अँपिअरची जोडणी लागते, ती आहे ना? अठ्ठावीस फूट गाडी मावेल का? की मागे घेत घेत लावावी लागेल? जमीन सपाट आहे ना? जमीन कलती असली की पलंगावरून माणूस घरंगळतो, स्वैपाकात तेल एका कडेला जाते. आणि सांडपाण्याची नळी जागेवरच जोडता येते का?

हा शेवटचा प्रश्न लहान समजू नका. धुण्याभांड्याचे पाणी एका टाकीत, संडासाचे दुसऱ्या टाकीत साठते. जमिनीवर एक तांब्यादेखील ओतायचा नाही. जोडणी नसली की टाकी भरेल म्हणून जीव धास्तावतो. मी तांदूळ टंचाईच्या दिवसांतल्यासारखे वाटीभर पाण्यात धुऊ लागले होते! टाकी रिकामी करण्याचे काम भाऊ हातमोजे घालून करी, वहिनी तेवढ्यात फिरायला जाई.

अस्वलांचे म्हणाल, तर दोन्ही जातींची आहेत, काळी आणि ग्रिझली. खाण्याची वस्तू, शेगडी, खरकटे भांडेसुद्धा बाहेर ठेवायला मनाई. हिंगाची फोडणी दार लावून केली.

नव्या तळाजवळून रेल्वे जाते. मालगाड्या रात्री धडाडत. झाडे विरळ, शेजारची गाडी हाताच्या अंतरावर. पण आई मुखवटा लावून सकाळी सातपर्यंत झोपली. सरोवर गाडीने जवळच होते. दिवसभर तेथे बसून संध्याकाळी परतायचो.

उद्यानातून डोंगर ओलांडणारा गोइंग टू द सन नावाचा रस्ता १९३३ साली खुला झाला. त्याच्या मधल्या भागात एकवीस फुटांहून लांब गाडी सोडत नाहीत. लांब गाड्यांना रेल्वेच्या कडेने दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. आम्ही आमची गाडी तळावरच ठेवली आणि लाल बसने गेलो. या बसगाड्या १९३६ ते १९३९ च्या दरम्यान बांधलेल्या, वरचे छत उघडणाऱ्या. लोगन खिंड ६,६४६ फुटांवर आहे. तेथे पांढरी डोंगरबकरी रस्त्यालगत आली, तेव्हा आईने शाल सावरत तिला हाक मारली, अगदी आपल्या दारच्या शेळीला मारावी तशी.

शेवटच्या संध्याकाळी भाच्याने सरोवरातले लाल-हिरवे गोटे खिशात भरले. तेथून दगड, पान, फूल काहीही उचलायला बंदी आहे. आईने ते एकेक करून त्याच्याकडून पाण्यात टाकवले. रडत रडत टाकले त्याने, आणि एक मुठीत लपवलेला तिने गाडीत चढताना काढून घेतला.